मोठ्या पाखराचा बार

माझ्या नावावर एक बंदूक आहे. ठासणीची, एकनळी, बारा बोअरची. आमच्याकडं तिला भरमार म्हणतात. आज्यानं घेतली, बाबानं वापरली, माझ्याकडं नुसती आली. शहरातले पाहुणे आले की भिंतीवरच्या खुंटीकडं पाहून हमखास विचारतात, "चालते का?" चालते. पण चालवायची कशी, हे आता मारेगाव तालुक्यात सांगू शकतील अशी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरली असतील. म्हणून म्हटलं, आपल्याला जे माहीत आहे ते लिहून ठेवावं. मी दहावीपर्यंत शिकलो. पुस्तकातलं फार ठाऊक नाही, पण हे पुस्तकातलं नाहीच.

आधी परवान्याचं सांगतो, कारण लोकांना वाटतं बंदूक म्हणजे गुंडगिरी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तेराव्या कलमात शेतकऱ्यासाठी एक सोय आहे. पिकाच्या राखणीसाठी खरोखरच पाहिजे असेल, तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं त्यात लिहिलेलं आहे. साध्या शब्दांत, वावरात डुक्कर घुसते म्हणून सरकारनं दिलेली बंदूक. आमचा परवाना तसाच आहे. त्यावर बंदुकीचा नंबर आहे, किती बारूद जवळ ठेवता येईल ते आहे. कुठलीही निवडणूक आली की आधी ती ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची आणि निकाल लागला की सोडवून आणायची. गावात कोणी उभं असो नसो, आमची बंदूक मात्र दर निवडणुकीत आत जाते.

काडतुसाच्या बंदुकीत सगळं तयार मिळतं. खडकीच्या कारखान्यातलं काडतूस घ्या, मोडा, घाला, उडवा. भरमारीचं तसं नाही. तिच्यात प्रत्येक बार माणसाला हातानं रचावा लागतो. आधी बारूद, त्यावर जाड बोळा, मग छर्रे, त्यावर पातळ बोळा, शेवटी निप्पलवर टोपी. म्हणजे बंदूक उडायच्या आधीच ती काय करणार हे ठरलेलं असते. बाबा म्हणत, "चाप तं लेकरूबी ओढते. बार भरनारा खरा शिकारी." मला यात थोडी फुशारकी वाटायची. आता नाही वाटत.

बाबाचं माप म्हणजे बांबूच्या पेराची एक नळी. आंगठ्याएवढी जाड, बोटाच्या दोन कांड्यांएवढी लांब. ती आज्याच्या हातची. काठोकाठ बारूद भरलं की अर्ध्या तोळ्याला थोडं कमी भरे. त्याच नळीत छर्रे भरले की तीन तोळ्यांच्या आत. एकच माप दोन्हीला. जेवढी जागा बारुदाची, तेवढीच छऱ्यांची. वजनाचा हिशेब नाही, जागेचा. हा नियम आमच्या आज्यानं शोधला असं मी म्हणत नाही. जगभर ठासणीच्या बंदुका वापरणारे याच हिशेबानं चालत होते, असं मला पुढं कळलं. आज्याला मात्र इंग्रजांच्या वेळच्या एका शिकाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे.

नळीला आणखी एक काम होतं. बारूद बैलाच्या शिंगात ठेवलेलं असे. पण शिंगातून सरळ बंदुकीत कधी ओतायचं नाही. आधी नळीत, मग बंदुकीत. कारण मागच्या बाराची एखादी ठिणगी आत जिती राहिली, तर पेटेल ते नळीतलं अर्धा तोळा. हात पोळेल. शिंग पेटलं तर माणूसच जाईल.

छऱ्यांना नंबर असतात. दुकानदार आठ नंबर, सहा नंबर, चार नंबर, बी. बी. असं बोलतात. बाबाला ते नंबर माहीत होते, पण घरात ते धान्यावरून बोलत. आठ नंबर म्हणजे मोहरी, ती लाव्याला. सहा नंबर म्हणजे बाजरी, ती तितराला. चार नंबर म्हणजे बाजरी आणि ज्वारीच्या मधली. बी. बी. म्हणजे भरल्या कणसाची ज्वारी. आणि डुकराला वाटाणा. एका मापात बाजरी तीनशेच्या आसपास बसते. चार नंबर दोनशेच्या आत. ज्वारी घेतली तर शंभरही भरत नाही. वाटाणे तर हातावर मोजता येतात. इथंच सगळी मेख आहे. दाणा मोठा घेतला की तो खोल जातो, पण दाणे कमी होतात. दाणे कमी झाले की दोन दाण्यांच्या मधली जागा वाढते, आणि त्या जागेतून पाखरू सुखरूप निघून जाते. लहान दाणा घेतला की अंगभर लागतात, पण पिसांखाली शिरत नाहीत.

मोर, करकोचा, रानहंस असं मोठं पाखरू समोर आलं की नवशा माणसाचा पहिला विचार काय असतो? बारूद वाढवावं. पाखरू दुप्पट, म्हणून बारूद दुप्पट. मी कितीतरी जाणत्या म्हणवणाऱ्यांना हे करताना पाहिलं आहे. याच्याइतकं खोटं दुसरं काही नाही. काळं बारूद एका मर्यादेपलीकडं वाढवलं की जास्तीचं नळीतच पुरतं जळत नाही, तोंडाबाहेर जाळ होऊन जाते. खांद्याला धक्का बसतो, आवाज मोठा होतो, धूर बैठकीएवढा होतो, आणि माणसाला वाटते काय जोरदार बार बसला. इकडं छर्रे पांगतात. मधे भोक पडते. पाखरू त्या भोकात असते.

बाबाचं बोलणं एवढंच असे: "पाखरू मोठं हाय म्हनून बारूद नाई वाढवाचं. दाना वाढवाचा, अन् पाय वाढवाचे."

पाय वाढवायचे म्हणजे जवळ जायचं. भरमारीच्या नळीला पुढं चोक नसतो, म्हणजे तोंडाशी नळी आवळलेली नसते. त्यामुळं छर्रे लवकर फाकतात. पंचवीस पावलं ठीक, तीस चालतील, पस्तीसच्या पुढं बार म्हणजे नशीब. पस्तीस पावलांवर मोराजवळ जाणं किती कठीण, हे ज्यानं केलं त्यालाच माहीत. मोराला माणसाआधी माणसाची सावली दिसते.

हे सगळं बाबा तोंडी सांगून थांबत नसत. दिवाळीनंतर पऱ्हाटीचा पहिला वेचा झाला की एक दिवस पोतं काढत. त्याला चुना फासत, वाळवत, आणि नाल्याच्या दरडीला दोन खुंट्यांवर ताणत. त्यावर कोळशानं मोराचं आंग काढायचं. पिसारा नाही, नुसतं आंग, डोकं आणि मान. तीस पावलं मोजून बार टाकायचा. मग आम्ही पोरं पळत जाऊन भोकं मोजत असू. आंगात पाच-सहा दाणे आणि डोक्या-मानेत एक-दोन आले, तर तो बार मोराचा. नाही आले तर बाबा बारूद बदलत नसत. बोळा बदलत. बारुदावरचा बोळा जुन्या घोंगडीचा, चांगला जाड, नळीत घट्ट बसेल असा गोल कापलेला. तो सैल असला की वाफ बाजूनं निसटते आणि छऱ्यांत घुसते. छऱ्यांवरचा बोळा मात्र पातळ, विडीच्या कट्ट्याच्या कागदाएवढा. तो जाड असला की पुढं जाताना छऱ्यांची वाट अडवतो आणि ते चारी बाजूंना फेकले जातात. एका साली बाबानं फक्त वरचा बोळा पातळ केला, आणि भोकं दोनाची पाच झाली. बारूद तेच, छर्रे तेच.

काही लोक शिशाच्या पत्र्याचे चौकोनी तुकडे पाडून भरत. स्वस्त पडे. बाबा तसला बार कोणाला भरू देत नसत. चौकोनी तुकडा सरळ जातच नाही, वाटेत गिरक्या घेतो. जवळच्या गड्याच्या पायात जाईल, पण पाखराला लागणार नाही.

मोराचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला आणि १९७२ साली वन्यजीव कायदा आला. त्यामुळं हे सगळं आता फक्त सांगण्यापुरतं. पण बाबाच्या तरुणपणी पेरणीच्या वेळी मोर येणं ही मोठी पीडा होती. उगवलेला कोंब वर आला की मोर तासं धरून चालत, एकेक कोंब उपटत. बाहेरच्या माणसाला मोर दिसतो, शेतकऱ्याला तास दिसते. मोरावर बार टाकताना लोक पिसाऱ्याला भुलत. एवढं मोठं पाखरू, चुकेल कसं? पण त्यातला दोन तृतीयांश तर नुसता पिसारा. आंग पाच किलोच्या आसपास. डोळा पिसाऱ्यावर गेला की बार मागं पडते आणि मोर चार पिसं टाकून निघून जाते. म्हणून पोत्यावर बाबा पिसारा काढतच नसत.

मोठ्या पाखराची दुसरी फसवणूक उडण्यात असते. लावा उडाला की वाटते किती वेगात गेला. मोठं पाखरू पंख हळू मारते, म्हणून ते हळू जाते असं वाटते. ते हळू नसते. माणूस त्याच्या आंगावर नेम धरतो आणि बार शेपटीच्या मागून जाते. भरमारीत तर चाप ओढल्यापासून बार सुटेपर्यंत मधे एक टिचकी जास्त लागते. टोपी फुटणार, जाळ आत जाणार, मग बारूद पेटणार. तेवढ्यात पाखरू हातभर पुढं.

जोराच्या बाराचं एक आठवते. शेजारच्या गावात एकानं भरलेल्या बंदुकीवर पुन्हा भरलं. आदल्या रात्री जागलीवरून आला, बार न उडवताच बंदूक टांगली, आणि सकाळी विसरून दुसरा भरला. नळी फुटली. डाव्या हाताची तीन बोटं गेली. बाबाच्या गजावर म्हणून दोन खुणा होत्या. नळी रिकामी असली की गज कुठवर आत जातो ती एक, आणि बार भरलेला असला की कुठवर जातो ती दुसरी. बंदूक हातात घेतली की आधी गज घालून पाहायचं, मग बोलायचं. माझ्या हातात आजही बंदूक आली की मी गज घालतो. ती कित्येक वर्षांत भरलेली नाही, हे ठाऊक असूनही.

आता हूमचं.

हूम म्हणजे माळढोक. आमच्याकडचे जुने लोक हूमच म्हणत. नर ओरडतो तोच आवाज तसा. लांबून, जणू कोणी मडक्यात तोंड घालून हुंकार दिला. उभा राहिला की माणसाच्या कमरेच्या वर. नर दहा-बारा किलोपर्यंत भरतो, कधी त्याहून जास्त. उडणाऱ्या पाखरांत याच्याएवढी जड पाखरं जगातही थोडीच आहेत. मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं देते, तेही उघड्या जमिनीवर. आमच्याहून वर्धा नदीच्या पलीकडं, वरोरा-भद्रावतीकडं ते जास्त होते. तिथं ते माळावर तर असतच, पण ज्वारीच्या, तुरीच्या वावरातही फिरत. माझ्या आत्याचं गाव तिकडं. आज्याला हूमचा बार ठाऊक होता. मी त्याच्या तोंडून ऐकलेला आहे: "हूमले ज्वारी. अन् पंचवीस पावलाच्या आत नाई गेलास तं बंदूक उचलू नको."

१९६९ चा हिवाळा. मी दहा वर्षांचा. डोंग्यानं नदी उतरून बाबा मला आत्याकडं घेऊन गेले होते. तिथं नागपूरकडचे एक साहेब आलेले होते. जीप, दोननळी बंदूक, कातडी पट्ट्यात काडतुसं. त्यांना हूम पाहिजे होता. बाबाचं नाव कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. संध्याकाळी आत्याच्या आंगणात बाज टाकली. चहा झाला. साहेब म्हणाले, "पाटील, हूमला तुम्ही किती भरता? दाणा कोणता?"

बाबा थोडं थांबले. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. मला उत्तर माहीत होतं आणि ते केव्हा सांगतात याची मी वाट पाहत होतो.

"साहेब, आमच्या इकडं हूम नाई. मले त्याचा बार माहीत नाई."

साहेब हसले. "त्यात काय एवढं. दोन्ही नळ्या एकदम सोडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. बाबा गेले नाहीत. पाय मुरगळला म्हणाले. पाय काही मुरगळलेला नव्हता. दुपारी जीप परत आली ती रिकामी. बरोबर गेलेल्या गड्यानं सांगितलं ते असं: हूम एकटा उभा होता. जीप ऐंशी पावलांवर थांबली. साहेब खाली उतरलेच नाहीत, बसल्या बसल्या दोन्ही नळ्या सोडल्या. हूम बसला, उठला, पळाला, आणि मग उडाला. उडताना एक पाय खाली लोंबत होता. जमिनीला धरून खाली खाली गेला आणि तुरीच्या वावरापलीकडं दिसेनासा झाला. साहेब म्हणाले, लागला नाही.

तिसऱ्या दिवशी गुरं राखणारा पोरगा सांगत आला. नाल्याच्या काठाला गिधाडं बसली आहेत. तेव्हा आमच्याकडं गिधाडं होती. बाबा उठले, मी मागं. गिधाडांनी पोट खाल्लं होतं, पण छाती शाबूत होती. बाबानं खिशातला चाकू काढला आणि छातीची पिसं बाजूला सारून कातडी उकलली. कातडीच्या आतच, मांसात जेमतेम रुतलेले दाणे. बारीक. बाबानं ते एकेक काढून तळहातावर घेतले. नऊ निघाले.

"बाजरी," ते म्हणाले. तितराचे छर्रे.

एवढंच. मग त्यांनी तळहात उलटा केला.

परत येताना डोंग्यात ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर माय भाकरी थापत होती, तिला त्यांनी सगळं सांगितलं. मायनं विचारलं, "मंग तुमाले माईत होतं तं सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं एका बारात पडला असता. मंग पुढच्या साली तेच साहेब चार जन घेऊन आले असते. अन् मले बलावलं असतं."

"अन् न सांगून काय वाचलं? तीन दिवस पडून होता तो."

बाबानं ताट पुढं ओढलं. उत्तर दिलं नाही. हा प्रश्न आमच्या घरात पुढंही कधीतरी निघे, बाबा म्हातारे झाल्यावरसुद्धा, आणि दर वेळी माय तेच विचारे आणि बाबा तेवढ्यावरच थांबत.

मी याचा पुष्कळ विचार केला आहे. माप हे कोणालाही द्यायची गोष्ट नाही, या बाबाच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. जो माणूस जीपमधून उतरायला तयार नाही, त्याला ज्वारीचा दाणा सांगून काय होणार? तो ज्वारी भरून दीडशे पावलांवरून सोडेल. पण मला वाटते बाबानं दाणा सांगितला नसता तरी अंतर सांगायला पाहिजे होतं. ऐंशी पावलांवर कोणताच बार नाही, एवढं एक वाक्य. कदाचित साहेबांनी ऐकलंही नसतं. मायचं म्हणणं मला जास्त लागते, हेही सांगून टाकतो. तिला छऱ्यांतलं काही कळत नव्हतं. तीन दिवस तेवढे कळले.

त्यानंतर बाबानं मोठ्या पाखरावर बार टाकलेला मी पाहिला नाही. पुढं दोन-अडीच वर्षांत कायदा आला, त्यामुळं ते आपणहून थांबले की कायद्यानं, हे वेगळं करून सांगता येत नाही. पोतं मात्र दर दिवाळीनंतर निघे. चुना फासला जाई. पण त्यावर आता डुकराचं आंग.

१९७९ मध्ये सोलापूरकडं नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचंच नाव सुचवलं होतं, हे मी नंतर वाचलं. मान मोराला मिळाला. मोर आज आमच्या गावच्या देवळाच्या कळसावर बसतो, आणि हूम आता सबंध देशात दीडशेच्या आसपास उरले असं सांगतात, तेही बहुतेक राजस्थानात. तिथं आता बंदूक नाही तर विजेच्या तारा त्यांचा जीव घेतात. डोळे बाजूला असल्यामुळं त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि आंग जड असल्यामुळं ऐन वेळी वळता येत नाही. तारांचा तो खटला पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हे वाचलं तेव्हा मला तो खाली खाली उडत गेलेला हूम आठवला. मी तो उडताना पाहिलेला नाही, गड्यानं सांगितलेलाच. तरी तो मला दिसतो.

काही वर्षांखाली पक्ष्यांवर काम करणारी दोन तरुण मुलं मोटरसायकलवर आमच्याकडं आली होती. म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरत होती, हूम शेवटचा कधी पाहिला, कुठं पाहिला. मी आत्याच्या गावाचं नाव सांगितलं, नाला सांगितला, साल सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. एकानं विचारलं, "जिवंत पाहिला होता का?" मी म्हटलं, "नाही. मेलेला." त्यानं तेही लिहून घेतलं.

आता आमच्या वावरात मोर नाही तर रानडुक्कर आणि रोही हा खरा प्रश्न आहे. एका रात्रीत एकरभर चना लोळवून जातात. त्यांच्यासाठी वनखात्याची परवानगी मिळू शकते, पण परवानगीचा कागद हातात येईपर्यंत चना जागेवर राहत नाही. मी बंदुकीचा उपयोग केला तो खाली बार टाकण्यापुरता. म्हणजे बारूद आणि वर कागदाचा बोळा, छर्रे नाहीत. त्यालाही मी तीच बांबूची नळी घेत असे. एकदा पोरगा म्हणाला, नुसता आवाजच करायचा आहे तर दोन मापं टाका, लांबवर जाईल. मी एकच टाकलं. डुक्कर आठ दिवस भ्याली, मग त्यांनाही कळलं की या घरच्या बंदुकीत दाणा नसतो. आता सौर कुंपणाचे झटके घेऊनही ती आत येतात, तिथं आवाजाची काय कथा.

परवान्याचं नूतनीकरण पूर्वी तीन वर्षांनी होत होतं, आता पाच वर्षांनी. यंदा आहे. यवतमाळला एक अख्खा दिवस जाईल, कदाचित दोन. पोरगा म्हणतो, "बाबा, काहून ठेवता? जमा करून टाका." त्याचं बरोबर आहे. त्याला बार भरता येत नाही, शिकायचाही नाही, आणि माझ्यानंतर बंदूक त्याच्या नावावर करायची म्हणजे नुसती कागदाची धावपळ. मी हो म्हटलं आहे.

परवा नळी धुतली. काळं बारूद जळलं की नळीत जो काजळीचा थर राहतो तो मिठासारखा पाणी ओढतो आणि लोखंड खातो. रॉकेलनं तो निघत नाही, त्याला गरम पाणीच लागते. मायच्या वेळच्या घंगाळात पाणी तापवलं, निप्पल काढलं, चिंधी गजाला गुंडाळली आणि नळी वरखाली चोळली. इतक्या वर्षांनीही पहिलं पाणी काळं आलं. मग कोरडं करून आतून तेलाचं बोट फिरवलं. पोरगा जवळ उभा होता. त्यानं बंदूक पोत्यात गुंडाळली, पावत्यांची पिशवी काढली, आणि कोनाड्यातली बांबूची नळी उचलून विचारलं, "हे बी द्याचं का सोबत?"

मी परवाना उघडून पाहिला. बंदुकीचा नंबर आहे, बारुदाचं वजन आहे. मापाचं काही लिहिलेलं नाही. म्हटलं, "ठेव जाग्यावर."